बंध ध्रुवीय, तरी रेणू अध्रुवीय: आकारामुळे नेमका फरक कसा पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड, दोन्हींत मधे एक अणू आणि त्याला जोडलेले दोन ऑक्सिजन. बंधांमधला विद्युतऋणतेचा (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या ताकदीचा) फरकही जवळपास सारखाच. मग पहिला रेणू अध्रुवीय आणि दुसरा ध्रुवीय, म्हणजे एक टोक किंचित धन आणि दुसरं किंचित ऋण असलेला, कसा? सोबत दोन उपप्रश्न आहेत: ‘मधल्या अणूवर लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) असली की रेणू ध्रुवीय’ एवढं पाठ केलं तर भागेल का? आणि क्लोरोफॉर्म ध्रुवीय असूनही अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षा कमी तापमानाला का उकळतो?

मी बरीच वर्षं मिश्रणातून संयुगं वेगळी करण्याचं काम करते आणि शिकवतेही. या कामात ध्रुवीयतेचा अंदाज रोजच घ्यावा लागतो, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते.

खरी अडचण कुठे आहे ते आधी पाहू. बंधाची ध्रुवीयता दोन अणूंवरून ठरते. रेणूची ध्रुवीयता ठरते ती सगळ्या बंधांची आणि लोन पेअरची एकत्र बेरीज करून. आणि ही बेरीज साध्या आकड्यांची नाही, बाणांची आहे; बाण इलेक्ट्रॉन ओढले जातात त्या दिशेला रोखलेला. पाच अधिक पाच दहा होतात, पण पाचाचा एक बाण डावीकडे आणि पाचाचा दुसरा उजवीकडे असेल तर हाती शून्य येतं. विद्युतऋणता बाणाची लांबी सांगते. बाण कुठे रोखलेला आहे, हे फक्त आकार सांगतो. बहुतेक विद्यार्थी पहिला भाग नीट शिकतात आणि दुसऱ्या भागासाठी यादी पाठ करतात. तिथेच गाडी अडते.

आता तुमचंच उदाहरण घेऊ. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची मोजपट्टी मांडली. आज वापरात असलेल्या आकड्यांप्रमाणे तिच्यावर कार्बन २.५५, सल्फर २.५८ आणि ऑक्सिजन ३.४४ वर आहे. म्हणजे फरक ०.८९ आणि ०.८६. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, बंधांच्या पातळीवर या दोघांत फारसं वेगळं काही नाही. पण कार्बन डायऑक्साइडमध्ये तिन्ही अणू एका रेषेत आहेत, कोन १८० अंश. दोन बाण एकमेकांच्या बरोबर विरुद्ध, बेरीज शून्य. सल्फरवर मात्र एक लोन पेअर आहे आणि ती दोन्ही ऑक्सिजनना एका बाजूला ढकलते. कोन साधारण ११९ अंश होतो. दोन्ही बाण तिरपे, पण एकाच अंगाला झुकलेले. त्यांचे आडवे भाग एकमेकांना खोडतात, उभे भाग एकमेकांत मिळतात. सल्फर डायऑक्साइडचा डायपोल मोमेंट, म्हणजे बेरजेतून उरलेल्या बाणाची लांबी, १.६३ डिबाय भरतो.

डिबाय हे एकक किती मोठं, याचा अंदाज असलेला बरा. एका इलेक्ट्रॉनएवढा ऋण भार आणि तेवढाच धन भार एकमेकांपासून एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, इतक्या अंतरावर ठेवले तर ४.८ डिबाय होतात. एकक पीटर डिबाय यांच्या नावाचं आहे. डायपोल मोमेंट आणि क्ष-किरणांचं विवर्तन यांच्या मदतीने रेणूंची रचना उलगडल्याबद्दल त्यांना १९३६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा विचाराची दिशा आजच्या वर्गातल्या दिशेच्या उलटी होती, हे लक्षात घेण्याजोगं आहे. आपण आकारावरून ध्रुवीयता काढतो. त्या काळी मोजलेल्या ध्रुवीयतेवरून आकार ओळखायचे. कार्बन डायऑक्साइडचा डायपोल शून्य, म्हणून तो सरळ असणार. पाण्याचा शून्य नाही, म्हणून ते वाकलेलं असणार.

पाण्यावर थोडा हिशेब करून पाहा, कोनाची ताकद लगेच कळते. प्रत्येक ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाला साधारण १.५ डिबायचा बाण आहे असं धरा. (हा आकडा पाण्याच्या मोजमापावरूनच उलट काढलेला आहे आणि त्यात लोन पेअरचा वाटाही मिसळलेला आहे.) कोन १०४.५ अंश असताना बेरीज येते २ × १.५ × ०.६१, म्हणजे सुमारे १.८४, आणि मोजलेली किंमत आहे १.८५. कोन ९० अंश केला तर बेरीज २.१ च्या वर जाईल. १८० केला तर शून्य. तेच अणू, तेच बंध, आणि उत्तर शून्यापासून दोनाच्या पुढेपर्यंत कुठेही.

कागदावरचं चित्र इथे फार घोळ घालतं. डायक्लोरोमीथेन घ्या: एक कार्बन, दोन क्लोरिन, दोन हायड्रोजन. वहीत आपण कार्बनभोवती अधिकच्या चिन्हासारख्या चार रेघा काढतो. त्यात दोन क्लोरिन समोरासमोर लिहिले की बाण खोडले गेल्यासारखे दिसतात आणि ‘अध्रुवीय’ असं उत्तर लिहिलं जातं. शेजारी बसलेली मुलगी तेच दोन क्लोरिन काटकोनात लिहिते आणि तिचं उत्तर ‘ध्रुवीय’ येतं. रेणू एकच आहे, त्याची दोन उत्तरं असूच शकत नाहीत. प्रत्यक्षात चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात, कुठल्याही दोन बंधांत साधारण १०९.५ अंशांचा कोन असतो. कार्बनचे चार बंध साधे असतील तर त्यांत ‘समोरासमोर’ अशी जागाच नसते. दोन क्लोरिन कुठेही लिहा, ते एका अंगालाच येतात. मोजलेला डायपोल १.६० डिबाय. म्हणून माझा आग्रह असतो की सुरुवातीचे दिवस तरी मॉडेल हातात घेऊनच विचार करा. मातीचा गोळा आणि चार काड्या पुरतात.

मग कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चारही बाण खोडले कसे जातात? इथे ‘सममिती आहे म्हणून’ एवढ्यावर थांबू नका, एकदा स्वतः मोजा. रेणू टेबलावर तिवईसारखा उभा करा: एक क्लोरिन सरळ वर, तीन क्लोरिन खाली पायांसारखे फाकलेले. पायांचे आडवे भाग एकमेकांशी १२० अंशांवर आहेत, ते आपापसात संपतात. उरतो प्रत्येक पायाचा खालच्या दिशेचा भाग. पाय उभ्या रेषेशी ७०.५ अंशांचा कोन करतो आणि त्या कोनाची कोज्या बरोबर एक तृतीयांश आहे. तीन पाय, प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे खाली मिळून पूर्ण एक. वर एक, खाली एक. शून्य.

आता वरचा क्लोरिन काढून तिथे हायड्रोजन बसवा, झालं क्लोरोफॉर्म. खालची बेरीज होती तशीच राहिली, वरून तोल धरणारं मात्र कुणी नाही. म्हणून डायपोल, तीन क्लोरिनच्या दिशेने, सुमारे १.०४ डिबाय. मधल्या कार्बनवर लोन पेअर एकही नाही आणि तरी रेणू ध्रुवीय. तुमच्या ‘लोन पेअर’ नियमाला हा पहिला धक्का.

याच ठिकाणी एक मर्यादाही सांगायला हवी. तिवईचा हिशेब काटेकोर मानला तर तीन क्लोरिनची बेरीज एका क्लोरिनएवढी, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि क्लोरोमीथेन (एक क्लोरिन, तीन हायड्रोजन) यांचे डायपोल सारखे यायला हवेत. प्रत्यक्षात क्लोरोमीथेनचा सुमारे १.८७ आणि क्लोरोफॉर्मचा जेमतेम एकाच्या वर. कारण एकाच कार्बनमधून तीन क्लोरिन इलेक्ट्रॉन ओढू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं आणि प्रत्येक बाण थोडा आखूड होतो. म्हणजे ‘शून्य की शून्य नाही’ याचं उत्तर आकार खात्रीने देतो. ‘किती’ याचं उत्तर बाणांची बेरीज अंदाजाने देते. कार्बन मोनॉक्साइड तर याहून पुढचं उदाहरण आहे. विद्युतऋणतेतला फरक ०.८९ असूनही डायपोल फक्त ०.११ डिबाय, आणि ऋण टोक कार्बनकडे. नुसत्या विद्युतऋणतेवर विसंबलं तर इथे दिशासुद्धा चुकते.

शून्याची खात्री येते कुठून, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. विचार असा करायचा: रेणूवर एक बाण आहे असं समजू. आता रेणू असा फिरवा की तो अगदी पूर्वीसारखा दिसेल. रेणू तोच दिसत असेल, तर त्याचा बाणही तोच दिसायला हवा. कार्बन डायऑक्साइड उलटा धरला तरी हुबेहूब तसाच दिसतो, पण त्यावर कल्पिलेला बाण मात्र उलटा होईल. एकच बाण एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे असू शकत नाही. म्हणून बाण नाहीच. या युक्तिवादात विद्युतऋणतेचा एकही आकडा लागला नाही.

हीच चाचणी बोरॉन ट्रायफ्लोराइडवर लावा. तीन फ्लोरिन एका प्रतलात, १२० अंशांवर. प्रतलाला लंब अशा अक्षाभोवती १२० अंश फिरवला तर रेणू तसाच दिसतो, त्यामुळे बाण असलाच तर त्या लंब अक्षावरच असणार, नाहीतर तो फिरेल. पण रेणू सपाट आहे, प्रतलाची वरची बाजू आणि खालची बाजू सारखीच. मग बाणाने वर जायचं की खाली? काहीच कारण नाही. शून्य. अमोनिया मात्र सपाट नाही. तीन हायड्रोजन एका बाजूला, लोन पेअर दुसऱ्या बाजूला. वर आणि खाली यांत फरक आहे, बाणाला जागा आहे, डायपोल १.४७ डिबाय.

यावरून मी स्वतः वापरते ती कसोटी: ‘या रेणूला तोंड आणि पाठ आहे का?’ अशी एक दिशा दाखवता आली की जिच्या दोन टोकांना वेगळं काही आहे, आणि रेणूच्या कुठल्याही सममितीने ती दिशा बदलत नाही, तर रेणू ध्रुवीय. रेणूच्या मध्यबिंदूतून आरपार पाहिलं की प्रत्येक अणूच्या समोर तसाच अणू सापडत असेल, तर अध्रुवीय. वेगवेगळ्या दिशांना फिरवण्याचे दोन अक्ष असतील तरीही अध्रुवीय, कारण एक बाण दोन रेषांवर बसू शकत नाही.

आता लोन पेअरचा नियम. लोन पेअर आकार घडवते, हे अगदी खरं. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात या कल्पनेची मांडणी सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये केली आणि गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये तिला आजचं रूप दिलं. एकच लोन पेअर असेल आणि भोवतीचे अणू सारखे असतील तर रेणू बहुधा ध्रुवीय निघतो, म्हणून हा नियम परीक्षेत बऱ्याचदा खपून जातो. पण झेनॉन टेट्राफ्लोराइड घ्या. मधल्या झेनॉनवर दोन लोन पेअर, एक वर आणि एक खाली, चार फ्लोरिन मधल्या चौकोनात. सगळं समोरासमोर, डायपोल शून्य. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये तर तीन लोन पेअर आहेत, आणि त्या मधल्या पातळीत १२० अंशांवर बसल्यामुळे रेणू सरळ रेषेत राहतो. तोही अध्रुवीय. तेव्हा लोन पेअर मोजू नका, ती कुठे बसली आहे ते बघा.

शिवाय लोन पेअर फक्त आकार वाकवून थांबत नाही, तिचा स्वतःचाही बाण असतो. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांची तुलना यासाठीच करतात. दोघांचा आकार एकच, कोन साधारण १०७ आणि १०२ अंश, बंधांची ध्रुवीयताही जवळपास सारखी. पण अमोनियाचा डायपोल १.४७ आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचा फक्त ०.२३. अमोनियात हायड्रोजनकडून नायट्रोजनकडे येणारे बाण आणि लोन पेअरचा बाण एकाच दिशेला आहेत, ते मिळतात. दुसऱ्या रेणूत फ्लोरिन आपल्याकडे ओढतो आणि लोन पेअर विरुद्ध दिशेला, म्हणून बहुतेक सगळं खोडलं जातं. ओझोन त्याहून बोलका आहे. तिन्ही अणू ऑक्सिजनचे, विद्युतऋणतेत फरक शून्य, आणि तरीही डायपोल ०.५३ डिबाय, कारण रेणू वाकलेला आहे आणि मधला ऑक्सिजन टोकांच्या ऑक्सिजनपेक्षा वेगळ्या परिस्थितीत आहे. ‘ध्रुवीय बंध नाहीत म्हणून रेणू अध्रुवीय’ हेही सरसकट म्हणता येत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर माझ्या आवडीचा प्रयोग अझोबेंझीनचा आहे. दोन बेंझीन वलयं, मधे नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध, दोन्ही नायट्रोजनवर एकेक लोन पेअर. नेहमी मिळतो तो ट्रान्स प्रकार: वलयं विरुद्ध बाजूंना, लोन पेअरही विरुद्ध बाजूंना, आणि दुहेरी बंधाचा मध्य हा रेणूचा मध्यबिंदू. डायपोल शून्य. उजेड पडला की काही रेणू वळतात आणि सिस होतात, दोन्ही वलयं एका अंगाला. जी. एस. हार्टली यांनी १९३७ मध्ये हा सिस प्रकार दाखवून दिला. त्याचा डायपोल ३ डिबायच्या आसपास आहे. अणू तेच, सूत्र तेच, बंध तेच, लोन पेअरही तेवढ्याच. बदलला तो फक्त आकार.

अझोबेंझीनचं द्रावण दोन बाटल्यांत घ्या, एक उन्हात ठेवा आणि दुसरी काळ्या कागदात गुंडाळून ठेवा. नंतर सिलिकाच्या टीएलसी पट्टीवर (हिच्यावरून विद्रावक वर चढतो आणि मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीवर राहतात) दोन्हींचे ठिपके शेजारी शेजारी लावा आणि हेक्झेनमध्ये थोडं इथाइल ॲसिटेट मिसळून पट्टी चढवा. झाकलेल्या बाटलीचा ठिपका नारिंगी रंगाचा, एकटाच वर सरकत जातो. उन्हातल्या बाटलीचे दोन ठिपके होतात: एक त्याच उंचीवर, आणि दुसरा पिवळसर, बराच खाली रेंगाळलेला. हा खालचा सिस. सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. सिसच्या दोन्ही लोन पेअर एका बाजूला उघड्या पडलेल्या असल्यामुळे ते गट त्याला धरून ठेवतात. ट्रान्समध्ये त्याच लोन पेअर दोन बाजूंना विभागलेल्या आणि वलयांच्या आडोशाला असतात, पकड बसत नाही. रंग आपोआप दिसतो, वेगळा रंजक फवारावा लागत नाही. फक्त पट्टी चढत असताना तिच्यावर थेट ऊन येऊ देऊ नका, नाहीतर वाटेतच रेणू वळतात आणि ठिपका लांबट होतो. बाटली अंधारात ठेवली की सिस काही दिवसांत परत ट्रान्स होतो आणि खालचा ठिपका नाहीसा होतो.

आता ज्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात त्यांच्याकडे येते. वरचं सगळं विवेचन ‘रेणूला एक ठरलेला आकार आहे’ असं धरून होतं. साध्या बंधाभोवती फिरू शकणाऱ्या रेणूंना एकच आकार नसतो. १,२-डायक्लोरोइथेनचे दोन क्लोरिन विरुद्ध बाजूंना असले की डायपोल शून्य, तिरपे जवळ आले की चांगलाच मोठा. वायूमध्ये दोन्ही रूपं असतात. तापमान वाढलं की तिरप्या रूपाचं प्रमाण वाढतं, आणि त्याबरोबर मोजलेला डायपोलही वाढतो. अशा रेणूबद्दल ‘ध्रुवीय की अध्रुवीय’ असं विचारलं तर उत्तर ‘ध्रुवीय’ असंच द्यायचं, पण तो आकडा सरासरीचा आहे हे ध्यानात ठेवायचं.

बेंझीनच्या वलयावरही असाच एक सापळा आहे. डायक्लोरोबेंझीनचे तीन प्रकार बाणांचा नियम छान पाळतात: ऑर्थो (दोन क्लोरिन शेजारी) सुमारे २.५, मेटा (एक जागा सोडून) १.७, पॅरा (समोरासमोर) शून्य. म्हणून मुलं ‘पॅरा म्हणजे शून्य’ असं धरून चालतात. पण क्लोरिनच्या जागी मिथॉक्सी गट (ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला CH₃) घातले, तर १,४-डायमिथॉक्सीबेंझीनचा डायपोल शून्य येत नाही, साधारण १.७ येतो. क्लोरिन हा एकटा अणू आहे, त्याचा बाण वलयाच्या अक्षावरच राहतो. मिथॉक्सी गट ऑक्सिजनपाशी वाकलेला असतो, त्याचा बाण तिरपा असतो, आणि दोन तिरपे बाण दर वेळी एकमेकांना खोडतीलच असं नाही.

शून्य डायपोल म्हणजे रेणू विद्युतदृष्ट्या मुका, असंही समजू नका. कार्बन डायऑक्साइड कंप पावताना वाकतो आणि वाकलेल्या क्षणी त्याला डायपोल येतो. म्हणूनच तो १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो, आणि पृथ्वीची उष्णता अडवण्यात त्याचा एवढा मोठा वाटा आहे तो यामुळे. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात त्या कंपनात मात्र सममिती टिकते आणि शोषण होत नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंच्या रेणूंत दोनच सारखे अणू, ते कसेही ताणले तरी बाण तयार होत नाही.

आता उकळण्याचा प्रश्न. कार्बन टेट्राक्लोराइड ७६.७ अंश सेल्सिअसला उकळतो, क्लोरोफॉर्म ६१.२ ला. ध्रुवीयता उत्कलनबिंदू वाढवते हे खरं, पण ती एकटी नसते. प्रत्येक रेणूत इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे क्षणिक डायपोल तयार होत राहतात आणि त्यांच्यातून आकर्षण निर्माण होतं. इलेक्ट्रॉन जितके जास्त आणि जितके सैल, तितकं हे आकर्षण मोठं. हायड्रोजनच्या जागी क्लोरिन आला की सोळा इलेक्ट्रॉन वाढतात, आणि एक डिबायचा कायमचा डायपोल गमावल्याची भरपाई होऊन वर शिल्लकही राहते. म्हणून ध्रुवीयतेचा परिणाम पाहायचा असेल तर अणू तेच असलेले रेणू एकमेकांशेजारी ठेवा. १,२-डायक्लोरोइथीनचा सिस प्रकार (१.९० डिबाय) ६० अंशांना उकळतो, ट्रान्स (शून्य) ४८ ला. वितळण्याचा क्रम मात्र उलटा: ट्रान्स उणे ५० ला वितळतो, सिस त्याहून खाली, उणे ८० ला. घन अवस्थेत रेणू एकमेकांत किती नीट बसतात यालाही महत्त्व असतं, आणि ट्रान्सचा सरळ, सममित आकार स्फटिकात जास्त चांगला बसतो.

विद्राव्यतेतही तीच सावधगिरी. १,४-डायऑक्सेनच्या वलयात दोन ऑक्सिजन समोरासमोर असतात, आणि खुर्चीच्या आकारात त्यांचे बाण एकमेकांना खोडतात. बेरीज शून्य असली तरी ते पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतं. पाण्याच्या रेणूला संपूर्ण रेणूची बेरीज दिसत नाही, समोर येणारा ऑक्सिजन आणि त्याची लोन पेअर दिसते. म्हणून विद्रावक निवडताना मी डायपोल मोमेंटचा आकडा एकटा कधीच पाहत नाही. रेणूचा कुठला भाग बाहेर उघडा आहे आणि तो हायड्रोजन बंध करू शकतो का, हेही पाहते.

एकदा क्रम सांगते. आधी मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या मोजून खरा, त्रिमितीय आकार ठरवा, वहीतला नव्हे. मग तोंड-पाठ कसोटी लावा. शून्य येत असेल तर तिथेच थांबा, आकड्यांची गरज नाही. शून्य नसेल तर बाणांची आणि लोन पेअरची दिशा पाहून डायपोल कुठे रोखलेला आहे आणि साधारण मोठा की लहान, ते सांगा. रेणू फिरणारा असेल तर त्याची मुख्य रूपं वेगवेगळी तपासा.

हाताला वळण लागावं म्हणून फॉस्फरसची एक मालिका सोडवा. वायुरूपात फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये तीन क्लोरिन मधल्या पातळीत १२० अंशांवर आणि एकेक वर-खाली असतो, डायपोल शून्य. (घनरूपात तो आयनांचा बनतो, तेव्हा हा प्रश्नच लागू होत नाही.) आता एकेक क्लोरिन काढून फ्लोरिन घाला. इथे एक माहिती लागेल: फ्लोरिन आधी वरची आणि खालची जागा घेतो. एक फ्लोरिन घातला की वर फ्लोरिन, खाली क्लोरिन, वर-खाली फरक पडला, रेणू ध्रुवीय. दुसरा फ्लोरिन खालची जागा घेतो, वर-खाली पुन्हा सारखं, मधले तीन क्लोरिन आपापसात संपतात, रेणू परत अध्रुवीय. तिसरा फ्लोरिन मधल्या पातळीत येतो, तिथे दोन क्लोरिन आणि एक फ्लोरिन उरतात, आणि रेणू पुन्हा ध्रुवीय होतो. बाण मधल्या पातळीतच, फ्लोरिन आणि फॉस्फरस यांना जोडणाऱ्या रेषेवर. चार फ्लोरिनचं उत्तर तुम्ही स्वतः काढा. एकुलता क्लोरिन कुठे राहील, तेवढं आधी ठरवा.